हंगाम, थकवा आणि तीन खंडांची कादंबरी : असं लिहून झालंय का कोणाचं?

काटेवाला (घाटंजी तालुका, यवतमाळ)

सरळ विचारतो. दिवसभर अंगमेहनतीचं किंवा डोकं पिकवणारं काम करून ज्यांनी कादंबरी पूर्ण केली, निदान अर्ध्याच्या पुढे नेली, त्यांनी इथे यावं. "इच्छा असली की जमते" हा सल्ला नको, तो माझा साळा दर रविवारी फुकट देते.

माझं काम असं. दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर. उरलेलं वर्ष घरची साडेचार एकर: पऱ्हाटी (कापूस), तूर, आणि विहिरीला पाणी टिकलं तर हरभरा. हंगामात सकाळी काट्यावर बसलो की शेवटची गाडी उतरेपर्यंत उठणं नाही. बसून काम आहे हे खरं, पण दर गाडीमागे एकच वाद असतो, ओलाव्याचा. ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, मीटरची सळई कापसात खुपसतो. हमीभावाच्या खरेदीत ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. मीटर त्याच्या हातात, पण शिव्या माझ्या खिडकीवर. "भाऊ, सकाळचं दव हाये, दुपारी मोजा ना." मीही कास्तकार, दव कशाला म्हणतात ते मला कळतं. पण आकडा १२.४ दाखवतो आणि मागे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. शक्ती या हुज्जतीत जाते. घरी येईस्तोवर केसात रुई, कानात जिनाची घरघर. जेवलो की साडेदहाला डोळे मिटतात, फोन छातीवर पडतो.

आता बेत सांगतो, हसू नका. तीन खंड. एकाच गावाचे, एकाच घराण्याचे, कापसाभोवती. पहिला खंड १८६० च्या दशकातला: वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या हाती, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि इकडे बंडीवाल्याच्या हातात अचानक पैसा खेळू लागला. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, तिथे खंड संपतो. दुसरा १९७२ च्या एकाधिकार खरेदीपासून, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा तेव्हापासून. तिसरा २००२ ला बीटी कापूस आल्यापासून २०१७ पर्यंत, म्हणजे गुलाबी बोंडअळी आणि फवारणीतल्या विषबाधेचं वर्ष.

टिपणांच्या वह्या भरल्या आहेत. नकाशा काढला, वंशावळ काढली. प्रत्यक्ष कादंबरी मात्र पहिल्या खंडाच्या सुरुवातीलाच बैठक मारून बसली आहे. हंगामात हात लागत नाही, हंगाम संपला की पेरणीची तयारी. वय वाढून राहिलं. कसं करता तुम्ही लोक?

सकाळचा_सूर्य (पुणे)

छान विषय! माझा अनुभव: पहाटे ५ ते ६ हा वेळ फक्त लिखाणाचा. फोन दुसऱ्या खोलीत. रोज ५०० शब्द ठरवले तर वर्षाला एक लाख ऐंशी हजारांच्या वर जातात, म्हणजे तुमचा दीड खंड झालासुद्धा. मी आयटीत आहे, टीमचे कॉल रात्री उशिरापर्यंत असतात, तरी जमवलं. सातत्य महत्त्वाचं.

रोही (अकोट)

सूर्य भाऊ, राग मानू नका, पण पहाटे ५ ले आमच्याकडे काय असते ते सांगतो. रब्बीत वावरातली लाईन (वीज) आठवड्यातले काही दिवस दिवसा अन् काही दिवस रातची असते. रातची पाळी आली का माणूस दांडात फावडं घेऊन हरभऱ्याले पाणी देते. मधातच फेज जाते. मंग डीपीपाशी जा, ऑटोस्विच पाय, पुन्हा नाकं बदल. पलीकडून रानडुकराचा कळप. असा रातभर जागलेला माणूस पहाटे ५ ले घरी येते. त्याले चप्पल काढाचं भान नसते, तो ५०० शब्द काय लिहीन.

काटेवाले भाऊ, मी कादंबरी नाई लिहिली, कथा लिहितो, दिवाळी अंकात आल्या दोनचार. माह्या हिशोबानं तुमचं गणित इथं चुकते का तुम्ही दिवसातून वेळ काढाले पाहून रायले. आपल्या कामाले दिवसाचा ठराव नाई, वर्षाचा आहे. मृगात पेरणी. मंग डवरणी, निंदण, खत. मंग येते झड, न थांबणारा पाऊस. तीन दिवस, पाच दिवस, कधी आठ. वावरात पाय टाकला का काळी माती गुडघ्यापर्यंत धरते, डवरा चालत नाई, फवारा चालत नाई, मजूर येत नाई. तवा माणूस काय करते? पारावर पत्ते खेळते नाईतर झोपते. म्या माह्या सगळ्या कथा झडीत लिहिल्या. बाकी वर्षभर फक्त मनात घोळवतो.

काटेवाला

रोही भाऊ, झडीची गोष्ट पटली. जिनिंगही तेव्हा बंद असते, म्हणजे दोन्हीकडून मोकळा. पण झड लागली की आमच्याकडे लाईट पहिले जाते, आणि फोन दुसऱ्या दिवशी मरते.

रोही

वही घ्या ना बाप्पा. दोनशे पानी. कंदील पुरते.

डॉ_बाळापूरकर

साहित्यातलं मला कळत नाही, धागा मथळ्यातल्या 'थकवा' शब्दामुळे उघडला. सगळ्यांनी वेळापत्रक सुचवलं, तब्येत कोणी विचारली नाही म्हणून लिहितो.

साडेदहाला फोन हातातून पडणं हे कष्टकरी माणसाला साहजिक आहे. पण थकवा सुट्टीच्या दिवशीही तसाच राहत असेल तर आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, आणि शाकाहारी असाल तर बी-१२. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. आपल्या भागात सिकलसेलचं प्रमाण बघता घरात कोणाला त्रास असेल तर तीही तपासणी एकदा करून घ्या, साधी असते.

दुसरं, तुम्ही जिनिंगमध्ये आहात. कापसाच्या धुळीनं फुप्फुसाचा एक विकार होतो, बिसिनोसिस म्हणतात. त्याची ओळखीची खूण अशी की साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, खोकला येतो, दम लागतो. आठवडा पुढे सरकला की कमी वाटतं, म्हणून लोक मनावर घेत नाहीत. काटा बाहेर असेल तर धूळ कमी लागेल, पण तुमचं ऑफिस कुठल्या बाजूला आहे ते मला ठाऊक नाही. असं काही होत असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, करून घ्या. तोंडाला ओला दुपट्टा बांधणं पुरेसं नाही, नीट बसणारा मास्क लागतो. कादंबरी नंतर.

काटेवाला

डॉक्टरसाहेब, वाचून जरा चमकलो. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी बंद असते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोकला असतोच. मी समजत होतो बाजारातलं भजं बाधते. दाखवतो. मनापासून आभार.

आशा_आहे (नेर)

नमस्कार. मी आशा स्वयंसेविका आहे, नावावरून कळलंच असेल. कादंबरी माझीही सुरू आहे, एकच खंड, तोही बारीक. सांगायला दोन गोष्टी आहेत, एक उपयोगाची आणि एक टोचणारी.

उपयोगाची आधी. मी गावात फिरताना बोलून लिहिते. फोनमध्ये मराठी बोलून टाइप होतं, ते चालू करायचं आणि एका घरून दुसऱ्या घरी जाताना बोलत राहायचं. लोकांना वाटतं ताई कोणाशी तरी फोनवर आहे. फक्त त्याला आपली बोली येत नाही. 'मले' म्हटलं की 'मला' करते, 'पऱ्हाटी' म्हटलं की 'मराठी' लिहिते. माझ्या एका प्रसंगात सासू सुनेला म्हणते, "मराठीले निंदण आलं, चाल." रात्री हे दुरुस्त करत बसावं लागते. म्हणून आता संवाद नुसते आवाजात रेकॉर्ड करते आणि मधलं वर्णन तेवढं बोलून टाइप करते.

टोचणारी. भाऊ, तुम्ही जेवलो आणि साडेदहाला डोळे मिटले असं लिहिलं. जेवलो, म्हणजे कोणीतरी वाढलं. तुमच्या घरी कोणाचे डोळे किती वाजता मिटतात? राग धरू नका. मला हा प्रश्न पडतोच, कारण माझं लिखाण भांडी झाल्यावर सुरू होते.

सकाळचा_सूर्य

आशाताई, +१. आमच्याकडेही हाच प्रश्न आला होता आणि मी उत्तर देण्याऐवजी चहा करायला गेलो. :)
रोही भाऊ, रातपाळीचा मुद्दा मान्य. विजेचं हे मला माहीत नव्हतं.

काटेवाला

आशाताई, राग कशाचा. घरचं सांगतो. बायको अंगणवाडी सेविका. तिची नोंदणी-फोटोचं काम फोनवरच असते, तिचाही फोन छातीवरच पडते. आई आहे म्हणून चूल चालते. हंगामात माझ्याकडून घरात काडी इकडची तिकडे होत नाही. बिगरहंगामात पाणी, गुरं, पोरांचा अभ्यास माझ्याकडे. ती म्हणते, तुम्ही लिहा, पण लिहायला बसलो की घरात कोणी बोलायचं नाही असा कायदा लावू नका. तो कायदा मी एकदा लावून पाहिला, पोट्ट्यांनी दुपारपर्यंतही टिकू दिला नाही.

तुमची रेकॉर्डची युक्ती काट्यावर चालेल का पाहतो. दोन गाड्यांच्या मधात पाचसात मिनिटं मिळतात. मागे जिनाचा आवाज येईल, तेवढंच.

वडसेकर (देसाईगंज)

आमच्या झाडीपट्टीतली, म्हंजे पूर्व विदर्भातली, गोस्ट सांगतो, उपेगी पडली त पडली. मी नाटकं लिवतो. आमचा सीजन दिवारी झाली का सुरू होते अना होरीपरेंत चालते. गावोगावी मंडई, रातभर नाटक, हजारो लोक शेकोटी पेटवून बसते. नाटक कंपन्यायचे हापीस सारे वडस्यात, म्हंजे देसाईगंजात. गाववाले तेथं येऊन पयलेच नाटक ठरवून जाते, तारीख लिवून.

म्हंजे माझं नाटक तयार नसन तरी त्याची तारीख पक्की रायते. अमुक गावात, अमुक रातीले, परदा उघडाचाच आहे. मंग धानाची रोवनी असो का ताप असो, लिवाच लागते. रोवनी आटपली का भादव्यात बसतो, दसऱ्याले पोतं खाली. मी कोनी मोठा लिवनारा नाही, पन थकलो म्हनून नाटक रायलं असं आतापरेंत झालं नाही, काहून का डायरेक्टर दारात येऊन बसते.

भाऊ, तुमच्या कादंबरीची कोनी वाट पाहून रायला का? कोनीच नसन त थकवा जितनारच आहे. एखादा मानूस पाहा. त्याले तारीख द्या. पैसे नको, नुसता त्यानं इचारलं पायजे, 'काहो, झालं का?'

फर्मा_मोजणारा (नागपूर)

उशिरा आलो. आयुष्य छापखान्यात आणि नंतर प्रकाशकांकडे मुद्रितं तपासण्यात गेलं, आता निवृत्त. धागाकर्त्याच्या बेताचा हिशोब मांडतो, कारण वरच्या कुणी मांडला नाही.

एक फर्मा म्हणजे १६ पानं. डेमी आकारात पानाला सरासरी ३०० शब्द धरा. तुमचा एकेक खंड लाखभर शब्दांचा म्हटला तर तीन लाख शब्द, हजार पानं, बासष्ट-त्रेसष्ट फर्मे. नवीन लेखकाचे बासष्ट फर्मे कोणीही छापणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, हा कागदाचा भाव बोलतोय. पहिलं पुस्तक बारा-तेरा फर्म्यांत बसवा, म्हणजे दोनशे पानं, साठ हजार शब्द. एका झडीच्या मोसमात निम्मं कच्चं लिहून होऊ शकतं.

आता कामाच्या गोष्टी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी, आणि त्यात कादंबरी हा प्रकार आहे. अलीकडे अर्ज जानेवारीत मागवतात. जानेवारी म्हणजे तुमचा ऐन हंगाम, त्यामुळे हस्तलिखित दिवाळीआधी टंकून तयार हवं, नाहीतर काट्याच्या खिडकीत बसून झेरॉक्सच्या मागे धावाल. टंकन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात, आणि ती शोधण्यात माझ्यासारख्यांचे डोळे गेले.

आयएसबीएन क्रमांक भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन राय संस्थेकडून. त्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर नमस्कार करून निघा. तसंच "तुमचं पुस्तक निवडलं गेलं आहे, एवढे भरा" असं पत्र आलं तर ते बक्षीस नाही, छपाईचं बिल आहे. स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही, मात्र त्याला निवड म्हणू नये.

आणि विदर्भ साहित्य संघाची शाखा जवळपास असेल तर जा. १९२३ साली अमरावतीत सुरू झालेली संस्था आहे. तुम्हाला कार्यक्रम बघायचे नाहीत हो, तिथे एखादा वाचणारा माणूस गाठा. वडसेकर म्हणतात तो.

पेनगंगा (वणी)

फर्मा काका, हिशोब बरोबर असेल पण सल्ला मला पटला नाही. काटेवाल्यांना दोनशे पानांची कादंबरी लिहायची असती तर त्यांनी तसं विचारलं असतं. थकलेल्या माणसाला छोटं काम द्या म्हणजे तो करेल, हे ऑफिसात खरं असेल. मी बारावीच्या पोरांना शिकवते. संध्याकाळी अर्धमेली होते, आणि माझ्या कवितांच्या छोट्या वहीला हात लावावासा वाटत नाही. पण माझ्याकडे एक मोठं काम आहे, जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं, ते मरेपर्यंत संपणार नाही हे मला माहीत आहे, आणि त्याला मात्र रात्री अकरालाही बसते. काही माणसांना मोठ्या बेताचंच बळ असतं. तो कापून दिलात तर हाती दोनशे पानं राहतील आणि लिहिणारा निघून जाईल.

फर्मा_मोजणारा

ताई, बेत कापा असं म्हटलं नाही. छापायला आधी काय द्यायचं ते म्हटलं. तीन खंड मनात ठेवायला कोणाचा कागद लागत नाही.

पेनगंगा

पण तुम्ही 'बारा-तेरा फर्म्यांत बसवा' म्हणालात. बसवायचं ठरवून लिहिलेलं लिखाण बसवलेलंच दिसतं.

रोही

दोघंही खरं बोलून रायले अन् भांडून रायले. चालू द्या, मी चहा टाकतो.

पेनगंगा

एक मात्र सांगते, काटेवाले भाऊ. तुमचा पहिला खंड का बसलाय याचा मला अंदाज आहे. अमेरिकन यादवी, मँचेस्टर, १८६७ ची रेल्वे, हे सगळं तुम्ही वाचून गोळा केलंय. धाग्यातसुद्धा तो भाग शाळेच्या इतिहासासारखा आला. ओलाव्याच्या मीटरच्या तुमच्या चार-पाच ओळी मात्र मी नवऱ्याला वाचून दाखवल्या. १८६५ चा माणूस सकाळी उठून दात कशानं घासत होता, बंडीत काय बांधून नेत होता, हे प्रत्येक पानाला शोधावं लागणार. दिवसभर काट्यावर बसून आलेल्याला रात्री एवढं शोधण्याचं त्राण कुठून येईल? जे माहीत आहे तिथून लिहा की.

काटेवाला

हे कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. विचार करतो.

जुना_चुकारा (पांढरकवडा)

नातवानं हा धागा दाखवला. मी टाइप करत नाही, तो करतो आहे, चुका त्याच्या.

तुमचा दुसरा खंड एकाधिकार खरेदीचा आहे म्हणून लिहावंसं वाटलं. १९७२ ला योजना आली तेव्हा मी विशीत होतो, बाप कापूस घेऊन जाई, मी बंडीवर. खरेदी फक्त सरकारी, खाजगी व्यापाऱ्याला विकता येत नसे. हंगामात केंद्रापुढे बंड्यांची रांग अशी की आज नंबर लावला तर माप केव्हा होईल ते ग्रेडरलाच ठाऊक. रात्री बंडीखाली झोपायचं. बैल जुवाला बांधून, त्यांना ढेप चारायची तीही घरून आणलेली. कापसावर आडवं झालं की ऊब फार, पण वरून दव पडे आणि सकाळी बाप ताडपत्री झटकत शिव्या देई, कारण तेव्हाही ओल्याला भाव कमी. तुमच्या मीटरच्या जागी तेव्हा ग्रेडरचा हात होता. मूठभर कापूस घेऊन दाबायचा, कानाशी न्यायचा, सरकी चावून पाहायचा. त्याच्या तोंडाकडे आम्ही सगळे बघत राहायचो.

पैसे एकदम मिळत नव्हते. हमीभाव आधी, वरचा हप्ता मागाहून. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, केव्हा येतो याच्यावर गावातली लग्नं ठरत. वधूपिता सरळ म्हणे, चुकारा आला की साखरपुडा.

आणि पेनगंगेच्या पलीकडे आदिलाबाद. तिकडे तेव्हा आंध्र. तिथं व्यापारी रोख देई. मग काय होणार? रातच्या बंड्या निघत. बैलांच्या गळ्यातल्या घाट्या काढून ठेवत, चाकाला वंगण भरपूर, कोणी बिडी पेटवायची नाही. नदीत उतार कुठे आहे ते माहीत असलेला एक जण पुढे चाले. मी गेलो की नाही ते नातवासमोर सांगणार नाही.

आशा_आहे

काका!! नातवानं हेही टाइप केलं याबद्दल त्याचं कौतुक.

काटेवाला

काका, मी काट्यावर बसून वाचलं आणि खिडकीवरचा माणूस दोनदा ओरडला तरी कळलं नाही. ग्रेडर कापूस कानाशी का नेत असे? आणि चुकाऱ्याची पावती कशी होती, तुमच्याकडे एखादी आहे का? उतारावर पाणी कुठवर असे? बंडीत किती कापूस भरत? मी येऊन बसू का तुमच्याकडे? एखादा दिवस सांगा, घाटंजीहून पांढरकवडा लांब नाही. सगळं लिहून घेतो, वेगळी वही करतो.

फर्मा_मोजणारा

सावध. वेगळी वही हा शब्द आला. तुमच्या वह्या भरल्या आहेत असं तुम्हीच पहिल्या परिच्छेदांत म्हटलंय. काकांकडे जा, जरूर जा, पण जायच्या आधी तो रात्रीच्या बंड्यांचा प्रसंग आजच्या आज जेवढा डोळ्यासमोर आला तेवढा लिहून टाका. चुकीचा लिहा. मग काकांना वाचून दाखवा, ते चुका काढतील. नुसते प्रश्न घेऊन गेलात तर ते गोष्टी सांगतील, तुम्ही चहा प्याल, आणि पुढच्या झडीपर्यंत टिपणं काढत बसाल. मी असे लेखक पाहिले आहेत, फार चांगली माणसं होती, पुस्तक एकाचंही आलं नाही.

वडसेकर

अना काकाले तारीख देऊन टाका. डायरेक्टर सापडला तुमाले.

पेनगंगा

यावर मी आणि फर्मा काका एकमत, नोंद घ्यावी.

काटेवाला

ठरवलेलं सांगतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

पहिला खंड बासनात. टाकून देत नाही, पण त्याला हात लावायचा नाही. सुरुवात दुसऱ्या खंडापासून, एकाधिकाराच्या हंगामातून, कारण ते दिवस पाहिलेले लोक अजून आहेत आणि १८६० मधला आणखी थांबला तरी त्याचं काही बिघडत नाही. तीन खंडांचा बेत कायम, पेनगंगाताई. फर्म्यांचा हिशोबही वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला, काका.

हंगामात लिहायचं नाही, फक्त दोन गाड्यांच्या मधात फोनमध्ये बोलून ठेवायचं. आशाताईंचीच पद्धत. माझ्या खिडकीवर दिवसभर जी माणसं बोलतात ती आयते संवाद देतात, आत्तापर्यंत मी ते कटकट म्हणून ऐकत होतो. लिहिणं उन्हाळवाही झाल्यावर आणि मुख्य म्हणजे झडीत. वही घेतली, रोही भाऊ, दोनशे पानीच. बायकोला सांगितलं, ती म्हणाली झडीत गोठा गळते तो आधी पाहा. पाहतो.

डॉक्टरसाहेब, रक्त दिलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू केल्या. छातीच्या तपासणीला यवतमाळला जायचं आहे. मास्क घेतला. काट्यावरचे लोक पहिले दोन दिवस हसले, आता हमाल विचारतात कुठे मिळाला.

रात्रीच्या बंड्यांचा प्रसंग लिहिला. दोन पानं. काका, पोळ्याच्या आत तुम्हाला चार प्रकरणं वाचून दाखवायची, ही तारीख. त्याआधी ही दोन पानं घेऊन येतो.

जुना_चुकारा

या. नातू घरी असतो रविवारी, तो तुमची पानं मोठ्यानं वाचेल, मला आता बारीक अक्षर दिसत नाही.

पण आधी एक सांगा. तुमच्या त्या प्रसंगात बंडीला बैल कोणते जुंपले?

काटेवाला

पांढरी जोडी लिहिली आहे, गवळाऊ. चपळ असतात म्हणून.

जुना_चुकारा

गवळाऊ दौडीला चांगला, वर्धेकडचे लोक त्याच्यावर जीव टाकतात. पण रातच्या कामाला पांढरा बैल कोण नेईल? चांदण्यात अर्ध्या कोसावरून दिसतो. आमचे तांबडे होते, गावरान. खोडून टाका आणि मग या.